नदीत बांधलेलं घर

गेल्या फेब्रुवारीत सासूबाईंना महाकाळाचं दर्शन घडवायला उज्जैनला गेलो होतो. दर्शन झालं, गोपाळ मंदिर पाहून झालं, तरी अर्धा दिवस हाताशी उरला. म्हणून रिक्षा करून गावाच्या उत्तरेला कालियादेह महाल पाहायला निघालो.

आपल्याकडे उकाडा वाढला की माणसं आंबोलीला पळतात. उज्जैनच्या सपाट मुलखात तशी थंड हवेची जागा जवळ नाही. म्हणून माळव्याच्या सुलतानाने विसाव्याचं घर चक्क क्षिप्रा नदीतच बांधलं!

हा सुलतान म्हणजे नासिरुद्दीन खिलजी. १५०० ते १५१० अशी दहा वर्षं तो मांडूच्या गादीवर होता. त्याच्या अंगात उष्णता फार, त्यामुळे तो पाण्यातच वेळ काढी, असं जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. एकदा तो बुडायला लागला तेव्हा सेवकांनी केसाला धरून बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर, केसाला हात लावला म्हणून त्याने त्यांचेच हात तोडवले. पुढच्या वेळी बुडाला तेव्हा कोणी पुढे झालं नाही. ही ऐकीव गोष्ट आहे, पण त्या घरात उभं राहून ऐकली की अंगावर काटा येतो.

खरी कारागिरी मात्र भिंतीत किंवा घुमटात नाही, ती पाण्याच्या वाटेत आहे. नदीचं पाणी फोडून पाटांतून घराभोवती आणि घरातही खेळवलं आहे. दगडात कोरलेल्या चिंचोळ्या, वळणावळणाच्या पन्हळींतून ते एका कुंडातून दुसऱ्या कुंडात उतरावं, अशी सगळी योजना. तिथले लोक त्यांना बावन्न कुंड म्हणतात. पंखा नाही, वीज नाही. वाहतं पाणी आणि दगड एवढ्यावर घर थंड!

जहांगीर १६१७ मध्ये मांडूला जाताना इथे तीन दिवस राहिला. पण येण्याआधी त्याने कारागीर पाठवून जागा साफसूफ करून घेतली. पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत महालाची मोडतोड झाली. १९२० मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी पुन्हा दुरुस्ती केली. हे शिंदे घराणं मूळचं आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं. म्हणजे शंभर वर्षांनी जहांगीरचा काय, तीनशे वर्षांनी शिंद्यांचा काय, हात फिरला म्हणून घर उभं राहिलं.

सासूबाई कुंडाच्या काठावर बसल्या आणि त्यांनी एकच विचारलं, ‘‘नीर एल्लि?’’ पाणी कुठाय? तळाशी हिरवट पाणी होतं, पण ते वाहत नव्हतं. मग त्या आपल्या माहेरच्या विजापूरकडच्या कुमटगीबद्दल बोलू लागल्या. तिथेही आदिलशाही काळातले जलमहाल आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. ‘‘ते पण असंच कोरडं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घर बांधायला राजा लागतो. राखायला घरचं माणूस लागतं.’’

हे वाक्य मला लागलं. कारण आमच्या गावच्या कौलारू घराचा प्रश्न दोन वर्षं लोंबकळतो आहे. थोरल्या दादांना पाडून जागा विकायची आहे, धाकट्याला वर पत्रा घालायचा आहे, आणि मी गप्प. आजोबा होते तोवर दर वर्षी मृगाच्या आधी शाकारणी व्हायची. तुटकी कौलं बदलायची, पन्हळ साफ करायची, मागच्या आडातला गाळ काढायचा. ते गेले, शाकारणी थांबली, आणि पाचव्या पावसाळ्यात माजघराचं आढं कुजलं.

परत आल्यावर दोघांना फोन केला. विकायचं की ठेवायचं ते नंतर बघू म्हटलं, या मृगाच्या आत शाकारणी करू, खर्च तिघांत. थोरले दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आडाचा गाळ पण काढा.’’