पाहुण्यांसाठी घर रंगवणं आता पुरे



दिवाळी दोन महिन्यांवर आली की आपल्या लोकांच्या जुन्या घरांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो यायला लागतात. बडोद्याचे असोत, इंदूरचे, ग्वाल्हेरचे की बेळगावचे, गोष्ट एकच. ‘आधी’मध्ये सागाच्या तुळया, कडीपाटाचं छत, भिंतीत कोनाडे, पायाखाली नक्षीची लादी. ‘नंतर’मध्ये पीओपीचं छत, त्याच्या कडेनं निळ्या दिव्यांची पट्टी, पांढऱ्या चकचकीत टाईल्स आणि एका भिंतीवर विटांचं चित्र असलेला वॉलपेपर. अहो, त्या भिंतीच्या आत खऱ्या विटा आहेत! त्या झाकून वर विटांचं चित्र चिकटवायला पैसे मोजलेत. आणि त्यावर शंभर जणांचे अंगठे, ‘वा, अगदी हॉटेलसारखं दिसतंय!’

हॉटेलसारखं दिसतंय, हीच माझी तक्रार आहे.

आधीच सांगते, ‘जुनं ते सोनं’ म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. रावपुऱ्याजवळच्या एका वाटण्या झालेल्या वाड्यात मी सून म्हणून आले त्याला चाळीस वर्षं झाली. त्या सोन्याची झळ मला माहीत आहे. स्वयंपाकघराला एकच झरोका, मोरी एका टोकाला, संडास चौकाच्या पलीकडे. त्यामुळे कुणी घर बदलू नये असं मी कधीच म्हणणार नाही. बदला, जरूर बदला. पण आपण खोल्या नव्या करतो त्या राहणाऱ्यांसाठी कमी आणि बघणाऱ्यांसाठी जास्त. म्हणून पैसा चुकीच्या खोलीत जातो आणि भिंतीला चुकीचं औषध मिळतं.

आधी खोलीचं बोलू. आमच्याच गल्लीतलं घर, नाव घेत नाही. दिवाणखान्याचं काम दोन महिने चाललं. छत, दिवे, सोफा, टीव्हीमागे लाकडी पट्ट्यांची भिंत. खर्च साडेतीन लाखांच्या पुढे गेला. त्याच घरातल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी रात्री दोनदा उठतात, पावसाळ्यात डोक्यावर टॉवेल घेऊन चौक ओलांडतात आणि खाली बसायच्या संडासात नळाचा पाइप धरून कशाबशा उठतात. पाहुणा महिन्यातून एकदा येतो, आजी रोज रात्री दोनदा चौक ओलांडतात. मग पहिला लाख कुठे जायला हवा होता? त्यांच्या खोलीला लागून एक कमोड, भिंतीत घट्ट बसवलेला धरायचा दांडा, न घसरणारी फरशी आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा. त्याचा फोटो कुणी टाकणार नाही, अंगठे मिळणार नाहीत. पण आजी पडून खुब्याचं हाड मोडलं तर नव्या सोफ्यावर बसून फक्त भेटीला येणाऱ्यांना चहा द्यायचा.

स्वयंपाकघराचंही तेच. ओटा सासूबाईंच्या उंचीचा, सून त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. ती वीस वर्षं वाकून भांडी घासते आणि पाठ धरते. ओटा चार इंच वर घेणं, शेगडीवर नीट उजेड पाडणं, धूर बाहेर टाकणारा पंखा बसवणं ही कामं आठवड्याची आहेत. ती ‘पुढच्या वर्षी बघू’वर जातात. दिवाणखाना मात्र याच वर्षी, कारण मुलीचं बघायला येणार आहेत. बघायला येणाऱ्यांना स्वयंपाकघर दाखवायची पद्धत नाही ना!

आता भिंतीकडे या. हे जरा सावकाश वाचा, कारण इथे नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही, नुकसानाचा आहे.

आपल्या जुन्या भिंती विटा, माती आणि चुन्याच्या. जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, तेव्हा जमिनीतलं पाणी थोडं थोडं वर चढणारच. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. वर चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी असली की ती ओल भिंतीतून बाहेर पडून उडून जाते. दर वर्षा-दोन वर्षांनी सफेदी करायची, की झालं. आपण काय करतो? चुना खरवडतो, सिमेंटचा गिलावा मारतो, वर पुट्टी, वर प्लॅस्टिक पेंट. बाहेर यायची वाट बंद झाली म्हणून पाणी चढायचं थांबत नाही. ते आणखी वर चढतं आणि बरोबर आणलेले क्षार रंगाच्या मागे साठवतं. मग फुगे, मग पापुद्रे. आपण म्हणतो, ‘कंपनीचा रंग खराब निघाला.’ रंग बिचारा काय करणार?

आमच्या वाड्यात हे घडलेलं आहे. चुलतदिरांच्या वाटणीतली खोली नवी करायची ठरली. ठेकेदार म्हणाला, ‘भाई, आ जूनो चूनो काढी नाखो, सिमेंट मारी दईए, पचास वरस जोवुं नहि पडे.’ दुसऱ्या पावसाळ्यात पुट्टी फुगली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी बोललेही नसते. पण भिंत सामाईक आहे. त्यांच्या बाजूनं बाहेर पडता येईना, तेव्हा ओल माझ्या बाजूला आली. जिथे चाळीस वर्षांत कधी डाग पाहिला नव्हता, त्या उंचीवर आली. फडताळातल्या गोधड्यांना कुबट वास यायला लागला. वाटणीपत्रात खोल्या वाटल्या गेल्या, ओल वाटून देणारा वकील अजून जन्मायचा आहे. ज्यांची घरं भावाभावांत वाटली आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. तुम्ही तुमच्या बाजूला जे लावता ते दुसऱ्याच्या बाजूलाही लागतं.

आणि बडोद्यात पाणी काही कमी नाही. २०१९ च्या जुलैअखेर एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री फुगली. पाणी ओसरल्यावर कोणाच्या भिंती किती दिवसांत वाळल्या, हे आपापल्या घरात आठवून बघा. पीओपी पाण्यानं मऊ पडतो आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची कपाटं फुगून दार लागेनासं होतं. सागाचं फडताळ पुसून, उन्हात वाळवून पुन्हा उभं राहतं.

फॉल्स सीलिंगचं तर मला कोडंच आहे. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो अशा गावात आपल्याला अकरा-बारा फूट उंचीची खोली मिळालेली आहे. गरम हवा वर जाते आणि झरोक्यातून बाहेर पडते, ही सोय फुकट आहे. तिच्याखाली दोन फुटांवर पीओपी ठोकायचा, झरोका बुजवायचा, खोली तापली म्हणून एसी घ्यायचा आणि मग बिल बघून डोक्याला हात लावायचा! वर ते छत झाकलं की तुळईला वाळवी लागली, कौलातून पाणी झिरपलं, उंदरानं वायर कुरतडली, यातलं काही दिसत नाही. कडीपाट उघडा असतो तेव्हा घरातली बाई केर काढताना मान वर करून बघते आणि सांगते, ‘तिथे मातीची रेघ दिसतेय, सुताराला बोलवा.’ झाकल्यावर कळतं ते एकदम तुळई वाकल्यावर.

दारं-खिडक्या खरवडताना आणखी एक जपा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे आजोबांच्या काळातल्या दारावरच्या थरांत काय आहे कोण जाणे. कोरडा पॉलिशपेपर घासून ती धूळ घरभर उडवू नका. पाणी लावून घासा, आणि लहान मुलांना, पोटुशी असेल तर सुनेलाही, तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा.

आता सामानाची गोष्ट, आणि इथे मला खरंच राग येतो. खोली मोकळी करायची म्हणून तांब्याचा बंब, चौरंग, पाट, मांडणी भंगारवाल्याच्या काट्यावर किलोनं जातात. संखेड्याचा झोपाळा, ज्याच्या लाकडावर खराद्यांनी चढवलेला लाखेचा रंग साठ वर्षांनीही चमकतोय, तो ‘जागा खातो’ म्हणून विकला जातो. सहा महिन्यांनी त्याच खोलीत प्रदर्शनातून आणलेली पितळी रंगाची प्लॅस्टिकची समई येते आणि ‘पारंपरिक लूक’ म्हणून तिचा फोटो येतो. खरी समई गेली वितळायला आणि खोटीला आपण हार घालतोय.

यावर काही जण म्हणतील, ‘काकू, घर म्हणजे काय संग्रहालय आहे का?’ अगदी बरोबर, नाहीच. आपल्या पूर्वजांनी तरी कुठे ते संग्रहालय मानलं? १८९० च्या दशकात आजव्याचं पाणी शहरात आलं, तेव्हा लोकांनी विहिरीचा रहाट कुरवाळत न बसता घरात नळ घेतले. वीज आली, तारा आल्या. रविवर्म्यानं १८९४ मध्ये छापखाना काढला आणि पुढे त्या छापील सरस्वती-लक्ष्मी घराघरांतल्या भिंतींवर चढल्या. त्या काळी तीही नवी फॅशनच होती. पण नळ आला तो बाईचं पाणी भरणं कमी करायला, आणि चित्र आलं ते खिळ्यावर टांगलं गेलं, त्यासाठी भिंत कुणी फोडली नाही. घराला नवं जोडण्यात आणि घर पुसून टाकण्यात फरक आहे, तो त्यांना कळत होता.

आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना तांबेकर वाड्यात नेतो. भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रं दाखवतो. मान वर करून ‘वा वा, काय लाकूडकाम!’ म्हणतो. मग घरी येऊन आपल्याच दिव्याच्या कोनाड्यात पुट्टी भरायला सांगतो, कारण तिथे टीव्हीचं युनिट बसत नाही.

दुसरा आक्षेप, ‘चुना लावणारे मिळतात कुठे? आणि चुना अंगाला लागतो.’ मिळतात, शोधावे लागतात. वयस्क कडियाला विचारा, त्याच्या बापानं आयुष्यभर तेच केलेलं असतं. कळीचा चुना विरवायचा, फडक्यानं गाळायचा, थोडा सरस किंवा डिंक घालायचा म्हणजे अंगाला कमी लागतो, आणि पातळ हात दोन-तीन द्यायचे. पांढरा नको असेल तर गेरू, पिवडी, नीळ आहेच. चुना विरवताना उकळतो आणि डोळ्यात गेला तर इजा करतो, तेव्हा हौशी लोकांनी दूर राहावं. जिथे आधीच ऑइल पेंट आहे तिथे तो धरणार नाही, खरवडून जुन्या चुन्यापर्यंत जावं लागेल. आणि लग्न आठ दिवसांवर आलंय म्हणून चुन्याचा गिलावा काढू नका, त्याला वाळायला वेळ लागतो. मराठीत ‘चुना लावणं’ म्हणजे फसवणं. आजकाल जुन्या भिंतीला चुना न लावणाराच खरा चुना लावतोय!

सिमेंटच्या नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे स्वतःवर घेऊ नये. तिथे खुशाल प्लॅस्टिक पेंट लावा. औषध रोग बघून द्यायचं असतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात कडू. ‘वाडा शेवटी बिल्डरलाच जाणार, मुलं काही परत येणार नाहीत.’ जाणार असेल तर जाईल. मग त्याच्या छताला साडेतीन लाख कशाला? आणि नसेल जाणार, तर जी माणसं आज त्यात राहताहेत त्यांचे गुडघे, पाठ आणि श्वास यांचा विचार आधी करा. आपण चार-चार, पाच-पाच पिढ्या परप्रांतात मराठी राहिलो त्याचं श्रेय दिवाणखान्याला नाही. माजघरात आजीशी, मोरीपाशी आईशी, ओट्यावर काकूशी जे बोललो ते टिकलं. माजघराचा ‘पॅसेज’ आणि कोठीचा ‘स्टोअर’ झाला की तो शब्दही घरातून जातो, आणि त्याला परत आणायला कुठलं मंडळ व्याख्यानमाला ठेवणार आहे?

तेव्हा या वर्षी काम काढण्याआधी कागद घ्या आणि घरात रोज कोण कुठे किती वेळ असतं ते लिहा. ज्या खोलीत सगळ्यात जास्त कष्ट होतात तिथून सुरुवात करा. भिंत चुन्याची आहे का, हे नखानं खरवडून बघा आणि तसं असेल तर सिमेंटवाल्याला दारातूनच परत पाठवा. भिंत सामाईक असेल तर पलीकडच्या भावाला चहाला बोलवून आधी विचारा. पावसाळ्यात गळणारी कौलं, चढणारी ओल आणि वाळवी यांचा बंदोबस्त झाल्यावर, आजींचा संडास झाल्यावर, ओटा वर घेतल्यावर पैसे उरलेच तर दिवाणखान्याला हवा तो रंग द्या. निळ्या दिव्यांची पट्टीसुद्धा लावा, माझं काही म्हणणं नाही.