उभ्या ट्रॉल्यांचा हिशेब

गोदामाचा विस्तार करण्यापूर्वी त्याचा लगतच्या रस्त्यावर काय परिणाम होईल हे मोजावे, ही अपेक्षा महानगरांपुरती ठीक असून नांदेड जिल्ह्यातील भोकरसारख्या तालुक्याच्या गावाला ती लागू करणे म्हणजे विकासाच्या पायात खोडा घालणे होय, असे मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. या मताचे पुरस्कर्ते विद्वान आहेत, आकडेमोडीचे शौकीन आहेत, आणि त्यांची मांडणी थोडक्यात अशी: तीन हजार टनांची साठवण वाढवली, तर दहा टनांच्या हिशेबाने तीनशे ट्रक माल आत येईल व तीनशे ट्रक बाहेर जाईल, या सहाशे खेपांना 365 ने भागले की दिवसाला दोन खेपाही भरत नाहीत, आणि दोन खेपांसाठी अहवाल मागणे हा कागदी कारभाराचा अतिरेक आहे. भागाकार अचूक आहे, एवढे मान्य करून पुढे जाण्यास हरकत नाही.

वाहतूक-परिणाम मूल्यांकन म्हणजे नव्या किंवा वाढीव बांधकामामुळे किती वाहने, कोणत्या प्रकारची, कोणत्या वेळी व कोणत्या वाटेने येतील याचा अंदाज करून, ती पेलण्याची रस्त्याची, चौकाची व वाहने उभी करण्याच्या जागेची कुवत तपासणे. या व्याख्येतील ‘कोणत्या प्रकारची’ आणि ‘कोणत्या वेळी’ हे दोन प्रश्न वगळले की उरते ते प्रतिपक्षाचे गणित. त्यात सोयाबीन बारा महिने, रविवार धरून, दररोज सारख्या मापाने पिकते, आणि शेतकरी ते दहा टनांच्या ट्रकमध्ये भरून गोदामाच्या दारात आणतो. मराठवाड्यातील शेती अशी चालत असती, तर गोदामांची गरजच उरली नसती. कारण हंगामात एकदम येणारा माल वर्षभर पुरवून विकता यावा म्हणून तर वखार नावाची गोष्ट अस्तित्वात आली.

भोकरच्या परिसरात सोयाबीनची रास दसरा-दिवाळीच्या सुमारास होते, कापसाची वेचणी त्याच दिवसांत सुरू होऊन जिनिंगकडे गाड्या लागतात, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर उतरतात, आणि जानेवारीत त्यांच्या मागोमाग तूर येते. हे सगळे ज्या वाहनातून येते ते ट्रॅक्टर-ट्रॉली. एका ट्रॉलीत तीस क्विंटल माल धरला, तर तीन हजार टनांसाठी एक हजार ट्रॉल्या लागतात, आणि त्या पंचवीस दिवसांत आल्या तर दिवसाला चाळीस होतात. रस्त्याची कुवत मोजताना निरनिराळ्या वाहनांना एका मापात आणण्यासाठी ‘प्रवासी कार एकक’ वापरतात, म्हणजे एक वाहन रस्त्यावर किती मोटारींएवढी जागा व वेळ खाते याचा अंक. ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेविषयी इंडियन रोड्स काँग्रेसने 1990 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ट्रकला 3, ट्रॅक्टर-ट्रॉलीला 4.5 आणि बैलगाडीला तब्बल 8 हा अंक आहे. (बैलगाडी रस्त्यांवरून हटली याबद्दल कोणी कितीही हळहळो, रस्त्याला मात्र सुटल्यासारखे झाले असावे.) चाळीस ट्रॉल्यांच्या येण्याजाण्याच्या ऐंशी खेपा म्हणजे दिवसाला 360 एकके.

येथे प्रतिपक्षाला हर्ष होणे स्वाभाविक आहे, कारण त्याच सूचनांत मैदानी भागातील दुपदरी रस्त्याची क्षमता दिवसाला 15,000 एकके धरलेली आहे, आणि 360 हा तिचा अडीच टक्क्यांहूनही कमी भाग आहे. परंतु हा हिशेब धावणाऱ्या वाहनांचा आहे, आणि गोदामाच्या दारातले वाहन धावत नसते, ते उभे असते. ट्रॉली आली की भरलेली गाडी वजनकाट्यावर चढते, मालाचा नमुना काढून ओलावा पाहिला जातो, चाळणी होते, हमाल कट्टे उतरवतात, थप्पी लागते, आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येऊन मग सुटते. एका काट्यावरून तासाला पाच ट्रॉल्या मोकळ्या होतात असे उदारपणे धरले, तरी चाळीस ट्रॉल्यांना आठ तास लागतात. आणि शेतकरी काही ठरवून दिलेल्या वेळी येत नाही, नंबर लागावा म्हणून तो पहाटेच येऊन थांबतो. सकाळी दहाला पंचवीस-तीस ट्रॉल्या ताटकळत असतील, आणि ट्रॅक्टर, ट्रॉली व मधले अंतर मिळून प्रत्येकीला दहा मीटर जागा लागत असेल, तर रांग अडीचशे ते तीनशे मीटरची होते. ती आवारात मावत नसेल तर रस्त्यावर येते आणि रस्त्याचा एक पदर गिळते. एकपदरी रस्त्याची क्षमता त्याच सूचनांत अवघी 2,000 एकके आहे. म्हणजे 360 एककांच्या भाराने, रांग टिकेल तेवढा वेळ, पंधरा हजारांचा रस्ता दोन हजारांच्या पातळीकडे घसरतो. आणि नाक्यावर उभे राहून जाणाऱ्या गाड्या मोजणाऱ्याच्या वहीत या रांगेची नोंदच होत नाही, कारण तो हलणारी वाहने मोजतो.

विस्ताराच्या प्रस्तावातली खरी मेख येथे आहे. प्रस्तावात गोदामाचे चौरस फूट वाढतात, छप्पर वाढते, कर्जाची रक्कम वाढते. काटा मात्र एकच राहतो, फाटकही एकच राहते आणि हमालांची टोळीही तीच. तासाला जेवढी आवक तेवढीच निकासी असेल तोवर रांग आटोक्यात राहते, पण आवक निकासीपेक्षा थोडी जरी वाढली, तरी रांग दर तासाला साठत जाते व संध्याकाळपर्यंत ओसरत नाही. त्यात ओलाव्यावरून वाद झाला किंवा बारदाना संपला की सगळेच ठप्प. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, खुल्या बाजारातला दर त्याच्या बराच खाली होता, राज्यात ठिकठिकाणी खरेदी बारदान्याअभावी अडखळली, आणि तिची मुदत वाढवून जानेवारीअखेरपर्यंत व नंतर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत न्यावी लागली. मुदत संपत आली की राहिलेले सगळे एकदम निघतात. असे चार दिवस वर्षाच्या सरासरीत विरघळून जातात, आणि त्याच चार दिवसांत बाळंतिणीला घेऊन नांदेडकडे निघालेली गाडी अडकते.

प्रतिपक्षाला हंगाम ही कल्पना नवी वाटत असल्यास, ती निदान पन्नास वर्षे जुनी आहे हे सांगितले पाहिजे. शहराबाहेरील रस्त्यांवरील वाहतूक-गणनेसाठी 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचनांतच अशी गणना सलग सात दिवस, चोवीस तास करावी, आणि वर्षातून निदान दोनदा, एकदा सुगी व बाजाराच्या ऐन हंगामात व एकदा मंदीच्या दिवसांत करावी असे म्हटले आहे. ज्या पद्धतीला ‘शहरी थेर’ म्हणून हिणवले जाते, तिच्या मुळाशी मोंढ्याकडे, म्हणजे बाजार आवाराकडे, निघालेली गाडीच होती.

मोंढा गावात असावा की गावाबाहेर, हा वादही या निमित्ताने पुन्हा उकरला जातो. गावाबाहेर काढा, वळणरस्ता करा, प्रश्न मिटेल, असे सांगणाऱ्यांची एक पिढी होऊन गेली. वळणरस्ते झाले, त्यांच्या कडेला ढाबे, टायरची दुकाने, खतांची दुकाने आणि शेवटी गोदामे आली, आणि मग त्या वळणरस्त्याला वळण घालणारा दुसरा रस्ता मागण्यात आला. विकासाच्या अनुशेषाचे भांडणही असेच. मागास भागाला अटी लावू नका, हे म्हणणे ऐकायला मायेचे वाटते, परंतु त्याचा सरळ अर्थ मागास भागाला कमी दर्जाचे नियोजन पुरेसे आहे असा होतो, आणि हे मराठवाड्याचे हितचिंतक म्हणवणाऱ्यांनीच म्हणावे याला काय म्हणावे?

नियोजनाआधी गोदामे आली की काय होते याचे उत्तर भोकरवरून जाणाऱ्या 61 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, भिवंडीला मिळते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण बंदराच्या व बाजाराच्या जवळ असल्यामुळे तेथील गावांत गोदामे वाढत गेली, त्यांतील पुष्कळशी परवानगीवाचून. जकात 2017 मध्ये गेली, गोदामे राहिली आणि मानकोलीच्या परिसरातली कोंडीही राहिली. तेथील एकेका गोदामाचा वेगळा हिशेब मांडला असता, तर तोही किरकोळच निघाला असता.

बाकीच्या आक्षेपांना फार जागा देण्याचे कारण नाही. गोदाम जवळ आले की शेतकऱ्याची नांदेडची खेप वाचते, हे खरे आहे, आणि तेही मूल्यांकनातच मोजायचे असते. रस्ते आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, हेही खरे. रांगेला उभे राहण्यास ते अधिक सोयीचे झाले आहेत. अहवालाला खर्च येतो, तसा तो नकाशालाही येतो.

मग करावे काय? वीस हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेतील बांधकाम प्रकल्पांची पूर्वपरवानगी लागत नाही, आणि तालुक्यातील बहुतेक गोदामे त्या मर्यादेच्या आतच बसतात; तेव्हा तपासणीची जागा स्थानिक बांधकाम परवानगी हीच राहते. तेथे जाडजूड अहवाल नको, चार गोष्टी पुरेत: ऐन हंगामातील सात दिवसांची गणना, काटा तासाला किती गाड्या सोडतो याची नोंद, सर्वांत लांब रांग आवारात मावेल असा वाहनतळ, आणि वाढीव साठवणीबरोबर दुसरा काटा, किंवा आदल्या दिवशी नंबर देण्याची पद्धत. राज्यातील विकास नियंत्रण नियमांत मालवाहू वाहनासाठी 3.75 मीटर रुंद व 7.5 मीटर लांब चौकट धरलेली आढळते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की गाडी तिच्यात मावत नाही, म्हणून आवाराचा नकाशा ट्रॉलीच्या प्रत्यक्ष लांबीवर आणि तिला वळायला लागणाऱ्या जागेवर तपासावा लागेल. गणना हंगामातच करायची तर उन्हाळ्यात आलेल्या अर्जाला दिवाळीपर्यंत थांबावे लागेल, ही अडचण खरी आहे, आणि ती टाळायची असेल तर बाजार आवाराच्या काट्यावरील मागील हंगामाच्या पावत्या तारीखवार मोजून काम भागवता येईल. त्या पावत्यांवर गाडीचा क्रमांक आणि वजन छापलेले असते, त्यामुळे कोणत्या दिवशी किती ट्रॉल्या आल्या हे काढायला एक कारकून आणि एक आठवडा पुरतो.