वजन जाते कुठे?



सोयाबीनची रास झाली की घरोघर एक वाद होतो. अंगणात मोजलेला क्विंटलभर माल चार दिवस उन्हात घातला आणि लातूरच्या आडतीवर नेला, तर भरतो साडेपंचाण्णव किलो. धनी म्हणतो काटा मारला, कारभारीण म्हणते उंदरांनी खाल्ले. मग साडेचार किलो गेले कुठे?

असा हिशोब चोख मांडला तो फ्रान्सच्या लाव्हॉझिए या शास्त्रज्ञाने. 1774 साली त्याने काचेच्या भांड्यात कथील घालून तोंड पक्के बंद केले, वजन केले आणि भांडे तापवले. कथलावर राखाडी भुकटी धरली, पण वजन होते तेवढेच राहिले. तोंड उघडताच बाहेरची हवा सूं करून आत शिरली आणि मगच वजन वाढले. म्हणजे आतली थोडी हवा कथलाने धरून ठेवली होती. पदार्थाचे रूप पालटते, वजन नाहीसे होत नाही आणि नवे उपजतही नाही, हा नियम त्याने 1789 च्या ग्रंथात सांगितला. प्रयोगांच्या नोंदी ठेवायला त्याची पत्नी मारी मदत करी. हा गृहस्थ शेतीही करी. फ्रेशीन येथील शेतावर 1778 पासून त्याने प्रयोग केले आणि त्यांचे हिशोब ठेवले.

आता आपला हिशोब पाहू. 16 टक्के ओलाव्याच्या क्विंटलात 16 किलो पाणी आणि 84 किलो कोरडा माल असतो. ओलावा 12 टक्क्यांवर आला तरी ते 84 किलो तसेच राहतात, पाणी मात्र साडेअकरा किलो उरते. साडेचार किलो पाणी वाफ होऊन हवेत गेले. घट याहून जास्त आली तरच काट्याकडे बोट दाखवावे. त्यासाठी वाळवण्याआधी व नंतर वजन आणि ओलावा वहीत लिहून ठेवा.

नांदेडकडे कापसाची पऱ्हाटी पेटवतात. वाळलेल्या क्विंटलभर पऱ्हाटीची राख फार तर चार-पाच किलो. बाकीचे संपले नाही, वायू आणि धूर होऊन शिवाराबाहेर गेले. राखेत पालाश उरतो, पण नत्र बहुतेक सगळे उडते. तेच पुढे युरियाच्या गोणीतून विकत आणावे लागते. बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये हे खरेच. पण ती पेटवू नका. बारीक कुट्टी करून शेणकाल्यात नीट कुजवा. खड्ड्यातही वजन घटेल, पण नत्राचा बराच भाग आपल्याच मातीत परत येईल.