कोटींचे क्वांटम, कवडीमोल संशोधक

भिलाईच्या कुटेलाभाठा भागात आयआयटीचे संकुल उभे राहिले. 20 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधानांनी जम्मूत बसून त्याचे लोकार्पणही केले. इमारतींबद्दल आमची तक्रार नाही. इमारती बांधायला या देशाला पैसा कधीच कमी पडला नाही. आम्ही विचारतो ते अशा इमारतींत रात्र रात्र जागणाऱ्या माणसाबद्दल. पीएचडी झाली, तिशी उलटली, घरी म्हातारे आईबाप, आणि नेमणूक किती दिवसांची? दोन वर्षांची! म्हणे पोस्टडॉक. विद्यार्थी म्हणून सवलत नाही, नोकर म्हणून महागाई भत्ता नाही. 2019 पासून चार वर्षे अशा पोस्टडॉकचे, म्हणजे रिसर्च असोसिएटचे, पहिल्या पायरीचे मानधन 47 हजारांवर गोठवून ठेवले होते. 2023 च्या जूनमध्ये ते 58 हजार केले, तेही संशोधकांनी आरडाओरड केल्यावर. आणि हे तुटपुंजे पैसेही वेळेवर मिळतील तर शपथ!

त्याच 2023 च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला 6003 कोटी 65 लाख मंजूर केले. चार केंद्रे ठरली: बंगळुरू, मद्रास, मुंबई, दिल्ली. क्वांटम पदार्थ दिल्लीच्या वाट्याला गेले. भिलाईसारख्यांनी टाळ्या वाजवायच्या!

क्वांटम पदार्थांचे काम काय असते, ते एकदा मंत्रालयातल्या बाबूंनी पाहावे. ग्राफीनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा दुसऱ्यावर ठेवायचा आणि 1.1 अंशाने फिरवायचा. जमले तर अतिशीत तापमानाला वीज विनारोध वाहते. कोन जरासा चुकला की नमुना फुकट. हे पुस्तकातून येत नाही, हाताला बसावे लागते, आणि बसायला महिनेच्या महिने जातात. हात बसतो न बसतो तोच मुदत संपते, माणूस परदेशात जातो आणि त्याच्या जागी नवा माणूस पहिल्यापासून पापुद्रे फाडू लागतो. याला धोरण म्हणायचे की उधळपट्टी? 2017 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) केवळ अर्ध्या मिलिकेल्विनला बिस्मथमधली अतिवाहकता, म्हणजे असेच विनारोध वीजवहन, जगाला दाखवली. तिथले शीतयंत्र काही दोन वर्षांच्या कंत्राटावर उभे राहिले नव्हते.

वर सरकारी अक्कल पाहा. 2024 च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचे आयात शुल्क 10 वरून 150 टक्के! बोंब झाली तेव्हा काही दिवसांत संशोधकांपुरते मागे घेतले. ज्याने ही ओळ लिहिली त्याने आयुष्यात कधी परीक्षानळी हातात धरली होती काय?

याच भिलाईत सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना उभा राहिला आणि 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. त्या काळच्या गरीब सरकारला एवढे कळत होते की कसबी माणूस टिकवायचा तर त्याचे घर बसवावे लागते. म्हणून सेक्टर वसवले, क्वार्टर दिले, शाळा काढल्या, सेक्टर 9 मध्ये रुग्णालय बांधले. आजच्या महासत्तेला हे का कळू नये?

पाच वर्षांची नेमणूक, महागाई भत्ता आणि पहिल्या तारखेला पैसे, एवढेच आम्ही मागतो. 6003 कोटींत हे बसत नसेल, तर ते कोटी कुठे बसवलेत त्याचा हिशेब संसदेच्या पटलावर ठेवा!