सड्यावरचे साठ खड्डे

मुलांनो, चुका फक्त तुमच्याच होतात असं नाही. बाईंच्याही होतात. आज माझी एक चूक सांगते. ती वहीत झाली असती तर खोडरबरानं पुसता आली असती. पण मी ती डोंगरावर केली.

आमची शाळा सातारा जिल्ह्यात, पश्चिमेकडच्या डोंगरात आहे. शाळेमागची चढण चढून गेलं की वर सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. मी इथे बदलून आले तेव्हा ऐन उन्हाळा होता. सड्यावर एक झाड नाही! नुसता तापलेला कातळ आणि वाळलेल्या गवताच्या काड्या. मला वाटलं, केवढी जागा ओसाड पडली आहे! मग काय, ठरवलं, पावसाळ्यात इथे झाडं लावायची.

जुलैत आम्ही साठ रोपं वर नेली. चिंच, आवळा, कडुलिंब, जांभूळ. पहार मारली की ‘ठण्ण’ असा आवाज यायचा. हातभर खड्डा करताना घाम निघायचा. गुरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबून बघत राहिले. म्हणाले, “बाई, हितं झाड धरायचं न्हाई. खाली समदा कातळ हाय. पोरास्नी कशापायी दमवताय?”

मी नुसती हसले. मनात म्हटलं, यांना झाडांचं महत्त्व काय कळणार!

ऑगस्टभर पाऊस कोसळला. खड्ड्यांत पाणी साचलं आणि साचूनच राहिलं. खाली सलग कातळ, मग मुरणार कुठे? बरीच रोपं मुळाशी कुजली. उरलेली मार्चच्या उन्हात वाळली. साठातलं एकही जगलं नाही.

पण खरी चूक कळली ती सप्टेंबरात. मुलांना घेऊन रोपं बघायला वर गेले, तर सडा ओळखूच येईना! निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळी सोनकी, जिकडे तिकडे फुलंच फुलं. आणि त्या गालिच्यावर साठ तपकिरी ठिगळं. आमचे खड्डे! चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, इथं पण फुलं होती ना?”

मला काही उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या आजोबांचं घर शोधून काढलं. म्हटलं, “आजोबा, चुकलं माझं. आता तुम्हीच सांगा, झाडं लावायची तरी कुठे?”

आजोबा म्हणाले, “अवो, डोंगरालाच इचारा की! ज्यानं त्यानं आपापली जागा धरलीया.”

पाऊस सरल्यावर एका रविवारी ते आम्हाला वरून खाली डोंगर दाखवत घेऊन गेले. मी बरोबर एक लोखंडी सळई घेतली होती. जागोजागी ती जमिनीत खुपसून माती किती खोल आहे ते मुलं बघत होती.

पहिला मुक्काम सडा. सळई बोटभर गेली आणि थांबली. मुलांनो, हा जांभा तयार कसा होतो माहीत आहे? लाखो वर्षं धो धो पाऊस पडला की खडकातली विरघळणारी द्रव्यं पाण्याबरोबर वाहून जातात. मागे उरतं ते मुख्यतः लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. म्हणून तर जांभा फोडला की आत गंजासारखा तांबडा दिसतो. अशा मातीत झाडांना खायला फार थोडं मिळतं. सीतेच्या आसवांनी त्यावर युक्ती काढली आहे. जमिनीखाली त्यांना बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांत ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडायचे आणि मातीत न मिळणारं नत्र त्यांच्याकडून मिळवायचं! पावसाळ्यात सडा म्हणजे दलदल आणि उन्हाळ्यात तापलेला तवा. म्हणून इथल्या कितीतरी वनस्पती तीन-चार महिन्यांत उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि उन्हाळाभर लपून राहतात. मी मे महिन्यात पाहिलं ते ओसाड माळरान नव्हतं, झोपलेलं रान होतं. साताऱ्याजवळचं कासचं पठार असंच आहे. पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे.

सड्याच्या कडेला सरळ तुटलेला कडा. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाच्या थरांचा बनला आहे. कठीण थर टिकतो, त्याचा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याचा उतार होतो. म्हणून लांबून डोंगर जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसतो. कड्यावर माती ठरणार कुठे? खडकाच्या फटीत मूठभर. तिथे बसले होते गवताचे झुबके आणि अंगातच पाणी साठवून ठेवणारा निवडुंग.

कड्याला वळसा घालून उतारावर आलो. सळई वीतभर गेली. इथे कारवी दाटीवाटीनं उभी होती. कित्येक वर्षांनी एकदा फुलणारी हीच ती कारवी. तिच्या मुळांनी उतारावरची माती धरून ठेवली आहे. पुढे ऐन, किंजळ, आवळा लागले. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की ही झाडं पानं गाळून काटकसर करतात. आजोबांनी आणखी एक गंमत दाखवली. डोंगराच्या दक्षिणेकडच्या अंगाला झाडी विरळ, उत्तरेकडच्या अंगाला दाट. का बरं? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेचा उतार जास्त ऊन खातो आणि लवकर सुकतो.

शेवटी दोन उतारांच्या मधल्या घळीत उतरलो. एकदम गार वाटलं. सळई कोपराइतकी खोल गेली तरी दगड लागेना! वरच्या उतारांवरून वाहून आलेली माती आणि कुजलेला पाला इथे वर्षानुवर्षं साठतो. दोन्ही बाजूंची सावली, वाऱ्याला आडोसा आणि कड्यातून झिरपणारं पाणी. इथे होती बारमाही हिरवी झाडं. जांभूळ, अंजनी, पिसा, आणि ओढ्याकाठी भलामोठा उंबर.

बघा हं, एकच डोंगर, एकच पाऊस. अर्ध्या-पाऊण तासाची वाट. पण चार जागी चार रानं! पाऊस किती पडला एवढं बघून भागत नाही. तो पडल्यावर कुठे थांबतो, कुठून वाहून जातो आणि तिथे माती किती आहे, यावर रान ठरतं. महाबळेश्वरलाही वर जांभाच आहे. पण जिथे त्यावर माती साठली आहे, फटींतून मुळांना खाली जायला वाट आहे, तिथे अंजनी-जांभळाचं दाट जंगल आहे. आणि जिथे सलग उघडा कातळ, तिथे सडा.

पुढच्या जुलैत आम्ही घळीच्या तोंडाशी, जुनी तोड झालेल्या जागी पंचवीस रोपं लावली. कुठलं कुठे लावायचं ते आजोबांनी सांगितलं. त्यातली एकोणीस जगली. जांभळं आता माझ्यापेक्षा उंच झाली आहेत.

आणि सड्यावरचे खड्डे? ते आम्ही त्याच मातीनं बुजवले. पण अजूनही सप्टेंबरात नीट पाहिलं तर काही ठिगळं ओळखू येतात. तिथे गवत आलं, फुलं मात्र मोजकीच. बोटभर माती साठायला किती काळ लागला असेल, आणि ती आम्ही एका आठवड्यात उपसली. दर वर्षी नव्या चौथीला मी ती ठिगळं मुद्दाम दाखवते.

आता तुमचं काम. घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन जवळच्या टेकडीवर जा. कड्याच्या जवळ मात्र जायचं नाही हं! एक सळई घ्या. माथा, उतार आणि पायथा अशा तीन ठिकाणी ती किती खोल जाते ते वहीत लिहा. तिथे कुठली झाडं, झुडपं, गवतं आहेत तेही लिहा. नावं माहीत नसतील तर गावातल्या आजी-आजोबांना विचारा. आणि त्यांनी सांगितलं की माझ्यासारखं नुसतं हसू नका, ऐकून घ्या!

तुमच्या टेकडीवर काय सापडलं ते पत्रानं कळवा. मी वाट पाहते.

तुमच्या,
बाई