67 ब्रास माती आणि आपलं हसणं

मंडळी, परवा न्यूयॉर्कच्या ‘अर्थ रूम’चा, म्हणजे मातीच्या खोलीचा, फोटो टाकला तर खाली नुसता हसण्याचा पाऊस. "आमच्या रानात या म्हणावं, फुकट दाखवतो." अरे, तिथंही फुकटच आहे.

वॉल्टर डी मारिया नावाच्या कलाकाराने 1977 साली वूस्टर स्ट्रीटवरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, ही माती भरली. 3600 चौरस फूट जागा, 22 इंच थर. आपल्या हिशोबात सव्वातीन गुंठ्यांच्या वर, अंदाजे 67 ब्रास. पांढऱ्या भिंती आणि माती, बाकी काही नाही. 1980 पासून कायमची उघडी आहे, डिया नावाची संस्था सांभाळते. पाणी मारतात, दाताळं फिरवतात, उगवलेलं उपटतात.

वजन सांगतात सव्वाशे टनांच्या आसपास. म्हणजे घनमीटरला साडेसहाशे किलो! आपली काळी माती त्याच मापात जवळपास दुप्पट भरते. कृषीवाल्यांनी बघावं, फार हलकी माती आहे ती.

उगवलेलं उपटणं मलाही पटत नाही. ना मूळ, ना पाचट, मग जिवाणूंनी खायचं काय? यावर त्या कलाकाराशी मी भांडलो असतो. पण त्या भागात जागेला सोन्याचा भाव आहे आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माती उचलून तिथं दुकान काढलेलं नाही, हे कसं विसरायचं?

आणि हसलं कोण? त्यातल्या तिघांनी गेल्या उन्हाळ्यात रानाचा वरचा दोन फूट थर वीटभट्टीला दिला. त्या खोलीत आहे जवळपास तेवढाच थर, पण एकरावर! जेसीबीने दोन दिवसांत साफ. खाली चुनखडी उघडी पडली. यंदाचा हरभरा वीतभर, पिवळा. "शेणखत टाकू, होईल नीट" म्हणतात. किती टाकणार, भाऊ? इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. पोराच्या फीसाठी विकली, हे मला समजतं. नड कुणाला नाही? पण मग त्या खोलीला हसू नका.

आणि हो, "काळी माती मिळेल, ब्रासप्रमाणे दर" ही जाहिरात पुन्हा मला पाठवू नका. या पेजवर ती लागणार नाही. कमेंटमध्ये टाकली तर काढून टाकीन, मग घरचा माणूस असला तरी.