मागे बसलेल्यांनाही ऐकू आलं पाहिजे

शनिवारी गुरुजींनी आम्हाला शाळेच्या लॅपटॉपवर 'श्यामची आई' हा सिनेमा दाखवला. तो आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढला. माझी आजीपण आली होती. ती मागे भिंतीला टेकून बसली. घरी जाताना म्हणाली, "चित्रं दिसली रं बाळा, पण श्यामची आई काय बोलली ते काय कळलं न्हाई." मला फार वाईट वाटले.

सोमवारी आम्ही गुरुजींबरोबर कारण शोधले. आवाज दोन ठिकाणी वाढवावा लागतो. एक लॅपटॉपचा आणि एक सिनेमा लावतो तिथला. आम्ही एकच वाढवला होता, दुसरा निम्म्यावरच होता! शिवाय लॅपटॉप सतरंजीवर ठेवला होता. त्याचे स्पीकर खालच्या बाजूला आहेत, ते झाकले गेले. टेबलावर ठेवल्यावर आवाज मोकळा झाला. व्हीएलसीमध्ये आवाज शंभराच्या वरही नेता येतो, पण फार वाढवला की तो फाटतो. मग प्रार्थनेचा स्पीकर वायरने जोडला. व्हरांड्यापर्यंत ऐकू आले.

माझे मत असे आहे. पुढे बसणाऱ्यांनी 'आम्हाला ऐकू येतंय' म्हणून गप्प बसू नये. सिनेमा सुरू झाला की एकाने मागे जाऊन ऐकावे आणि गुरुजींना सांगावे. म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवावे. आपले कान चांगले आहेत, आपण मागे बसलो तर काय बिघडले?

पुढच्या वेळी माझी आजी पहिल्या रांगेत बसेल. तुमच्या आजीलाही आणा.

— इयत्ता चौथी